माळ आणि काळीज
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेले भाषण)



समितीनं आम्हाला सांगितलं की बुवा, दिंडीला शंभर वर्षं झाली, जुन्या आठवणी सांगा. आठवणी सांगायला आमच्यापेक्षा थोरले इथं बसलेत. आमच्या आजोबांच्या वेळी तांदूळ, पीठ, मीठ डोक्यावर घेऊन फोंडा घाट चढायचे. आषाढात आपल्याकडं लावणी, चिखलातून पाय काढायला सवड नसते, म्हणून कोकणातला माणूस कार्तिकीला जास्त जातो. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही आज वेगळं बोलणार आहोत. आम्ही मटणावर बोलणार आहोत.

हसू नका. चौथी शिकलेला माळकरी शताब्दीच्या मांडवात सागोतीचं नाव काढतो म्हणजे डोकं फिरलं असं वाटेल. पण आमच्यावर एक कर्ज आहे, ते फेडायला हाच मांडव बरा. कारण ते कर्ज आम्ही अशाच मांडवातून केलं.

पस्तीस वर्षं आम्ही कीर्तन करतो. त्यात एक बोल आमचा ठरलेला. मटण खाणाऱ्याचं काळीज बंद पडतं आणि माळकऱ्याचं काळीज पांडुरंग चालवतो. हा बोल आला की लोक टाळ्या द्यायचे. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत कितीतरी गावांत आम्ही हे बोललो. गावात कोणाला अटॅक आला की आम्ही आधी विचारायचो, खायचा काय? हो म्हटलं की आमचं समाधान. नाही म्हटलं की पुढं विचारत नसू.

तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात शेजारच्या गावात जत्रेचं कीर्तन होतं. कीर्तन चांगलं झालं. मग प्रसाद. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर. यजमानाचा आग्रह, आमची भूक, सात वडे पोटात गेले. सात आम्ही मोजून सांगतो, कारण पुढं डॉक्टरनं विचारलं तेव्हा खोटं बोलता आलं नाही. रात्री घरी येऊन पडलो. दोनच्या सुमाराला जाग आली ती छातीवर कोणी भाताची गोण टाकल्यासारखी. थंडीचे दिवस, आणि अंगावरची बंडी घामानं पिळून काढावी अशी. डावा हात खांद्यापासून जड. जबडासुद्धा दुखत होता. आमची मंडळी उठली. ओवा दिला, सोडा दिला, आमसुलाचं सार करून दिलं. आम्ही म्हटलं, पित्त आहे, वडे बाधले. पहाटे पाच वाजेपर्यंत आम्ही असेच बसून राहिलो, नाम घेत. माळकऱ्याला अटॅक येतो हे आमच्या मनातच नव्हतं. दुसऱ्याला सांगितलेला बोल आम्ही स्वतःच खरा धरून बसलो होतो.

पाचला धाकटा भाऊ उठला. त्याची रिक्षा आहे. तो माळकरी नाही. रविवार-बुधवार त्याच्या घरी मटण शिजतं, आणि त्यावरून आमची दोन घरांत बोलाचाली पण होती, ते लपवत नाही. तो ओटीवर आला, आमच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "दादा, ह्यां पित्त न्हय. ऊठ, रिक्षात बस." आम्ही म्हटलं, उजाडू दे. तो म्हणाला, "उजाडाची वाट बघू नको. आताच ऊठ."

दवाखान्यात छातीची पट्टी काढली. डॉक्टर म्हणाले, मोठा झटका आहे. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं आणि १०८ च्या गाडीतून बांबोळीला पाठवलं. गोव्याचं ते मोठं हॉस्पिटल आपल्या जिल्ह्याला किती उपयोगी पडतं ते इथं सांगायला नको, निम्मा मांडव तिथं जाऊन आलेला आहे. तिथं हाताच्या नाडीतून तार घालून बंद झालेली वाहिनी उघडली आणि आत जाळीची नळी बसवली. डॉक्टर एकच गोष्ट दोनदा बोलले, तुम्ही तीन तास घरी का बसलात? काळजाचा जो भाग त्या तीन तासांत रक्तावाचून राहिला तो पुरता परत येत नाही. आज आम्हाला चढ चढताना जो दम लागतो तो वड्यांमुळं कमी आणि त्या तीन तासांमुळं जास्त.

आत नेताना सिस्टर म्हणाली, अंगावरचं सगळं काढा, गळ्यातलं पण. त्रेचाळीस वर्षं ती माळ गळ्यातून उतरली नव्हती. आम्ही नाही म्हटलं. तिथं अडून बसलो. मग भावानं हात पुढं केला. काही बोलला नाही, नुसता हात. आम्ही माळ त्याच्या हातात दिली, त्यानं शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. सहा दिवसांनी घरी आलो तेव्हा वहिनी बोलली की ह्यांनी सहा दिवस मटण काय, सुका बांगडासुद्धा खाल्ला नाही. विचारलं तर म्हणे, "माळ खिशात आसा, खाव कसा?" ज्याला आम्ही पस्तीस वर्षं बोल लावला त्यानं आमची माळ अशी सांभाळली.

आता गावाची गोष्ट. आम्ही अजून उठून बसलो नव्हतो तोवर पारावर बोलणं सुरू झालं. "बुवा चोरान खाता असतलो." म्हणजे आमच्याच बोलाचं गणित लोकांनी आमच्यावर लावलं. अटॅक मटण खाणाऱ्याला येतो, बुवाला अटॅक आला, म्हणून बुवा मटण खातो. दोष त्यांना कसा देऊ? शिकवलं आम्हीच. त्याच्याहून वाईट दुसरं झालं. आमच्यासमोर माळ घेतलेला एक तरणा पोर म्हणाला, माळ घालून पण अटॅक येतो तर माळ कशाला? आणि उतरवून मोकळा झाला. ते आम्हाला छातीच्या दुखण्यापेक्षा लागलं. त्यानं माळ घेतली होती ती अटॅकचं ताईत म्हणून, आणि ते ताईत आम्हीच त्याला विकलं होतं.

म्हणून आम्ही खरं काय ते शोधायला लागलो. आमची पुतणी, त्याच भावाची मुलगी, गोव्यात नर्स आहे. सुट्टीला आली की आम्ही तिच्यापुढं बसायचो, ती मोबाईलवर वाचून सोपं करून सांगायची. काही डॉक्टरांनी सांगितलं. ते जसं समजलं तसं सांगतो.

काळजाला रक्त नेणाऱ्या वाहिन्या म्हणजे आपल्या माडा-पोफळीच्या बागेतला पाट समजा. पाटाला वर्षानुवर्षं गाळ बसतो, तशी वाहिनीच्या भिंतीच्या आत चरबी साठते. ती विशी-तिशीपासून साठायला लागते, दुखत नाही, कळत नाही. मग एक दिवस त्या चरबीवरची साल फुटते, तिथं रक्ताची गुठळी होते आणि पाट एकदम बंद. म्हणून कालपर्यंत नांगर धरणारा माणूस आज आडवा होतो. ही चरबी साठवणारं जे वाईट कोलेस्ट्रॉल, ते आपलं यकृतच बनवतं. घट्ट चरबी जास्त खाल्ली की ते रक्तात वाढतं. घट्ट म्हणजे थंडीत गोठणारी. बोकडाची चरबी, लोणी, तूप, वनस्पती, पामतेल, आणि नारळाचं तेल पण.

आपल्याकडं लाल मांस म्हटलं की लोकांना वाटतं ते मोठ्या जनावराचंच. तसं नाही. बोकड, मेंढा, डुक्कर, गाय, म्हैस, चार पायांचं सगळं लाल मांस. कोंबडी आणि मासे त्यात नाहीत. बोकडाचं मांस त्यातल्या त्यात कमी चरबीचं, हे पण खरं आहे. पण आपण नुसतं मांस कुठं खातो? चरबीचा तुकडा मागून घेतो, कलेजी घेतो, भेजा घेतो. कलेजी आणि भेजा यांत कोलेस्ट्रॉल साध्या मांसाच्या कितीतरी पट. वर वाटपाचा नारळ आणि रश्शावर बोटभर तवंग.

चरबीशिवाय आणखी एक गोष्ट आहे. २०१३ साली अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकच्या लोकांनी दाखवलं की लाल मांसात एक द्रव्य असतं, पोटातले जंतू त्याचं रूप बदलतात आणि पुढं यकृतात त्याचं जे होतं ते वाहिन्यांना वाईट. आणि जे लोक वर्षानुवर्षं मांस खातच नाहीत त्यांच्या पोटात हे द्रव्य फारसं तयारच होत नाही. पुतणीनं हे वाचलं तेव्हा आम्ही मांडीवर थाप मारली. म्हटलं, बघ, हा माळेचा गुण! ती हसली, म्हणाली, काका, पुढं ऐका.

पुढचं असं. विलायतेत ऑक्सफर्डच्या लोकांनी २०२१ साली चौदा लाखांवर माणसांची माहिती एकत्र केली. रोज ५० ग्रॅम लाल मांस जास्त खाल्लं तर काळजाच्या वाहिन्यांचा रोग ९ टक्क्यांनी वाढतो. तेच मांस खारवून, धूर देऊन, मसाला भरून टिकवलेलं असेल तर १८ टक्क्यांनी. आपल्या शेजारी गोव्यात डुकराचे चोरीस मिळतात, तिकडं कामाला जाणारी आपली पोरं पावात घालून खातात, ते ह्या दुसऱ्यात येतं. कोंबडीचा असा संबंध त्यांना स्पष्ट दिसला नाही. आता टक्के म्हणजे काय ते आम्ही पुतणीकडून दोनदा समजून घेतलं. शंभरात दहा जणांना तो रोग व्हायचाच असेल तर रोज मटणाच्या एकदोन फोडींनी ते जवळजवळ अकरा होतात. अकरा. शंभर नव्हे. आमच्या कीर्तनात ते शंभर होते.

मग आम्ही भावाच्या घरचा हिशेब मांडला. रविवारी एक किलो, खाणारी सहा माणसं. माणशी दीडशे ग्रॅमच्या वर, हाडं धरून. बुधवारी तेवढंच. आठवड्यावर वाटलं तर रोजचे पन्नास ग्रॅम होत आले. म्हणजे भाऊ त्या रेषेवर बसलाय. त्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं बुधवार सोडला. पस्तीस वर्षं कीर्तन ऐकून एक दिवस सोडला नव्हता, हिशेब दाखवल्यावर सोडला.

आणखी एक पाहणी पुतणीनं सांगितली, २०१९ सालची, ती पण ऑक्सफर्डचीच. अठ्ठेचाळीस हजार माणसं, अठरा वर्षं. मांस खाणाऱ्यांपेक्षा शाकाहारी लोकांना काळजाच्या वाहिन्यांचा रोग २२ टक्के कमी. मासे खाणारे पण मांस न खाणारे, त्यांना १३ टक्के कमी. पण ह्याच शाकाहारी लोकांना मेंदूचा झटका, आपण लकवा म्हणतो तो, २० टक्के जास्त. का, ते अजून नक्की कळलेलं नाही. एक शंका अशी की शाकाहारी माणसाला काही जीवनसत्त्वं कमी पडत असतील. बी-१२ म्हणून एक आहे, ते भाजीत-भातात मुळीच नाही. माळकऱ्यानं दूध-दही तरी रोज घ्यावं आणि एकदा रक्त तपासावं. आम्ही तपासलं तर ते अर्धंसुद्धा नव्हतं.

म्हणजे माळेनं आम्हाला काहीच दिलं नाही असं नाही. दिलं. पण माळेनं जे वाचवलं ते आम्ही दुसऱ्या हातानं उधळलं. २००४ साली ५२ देशांतल्या हजारो माणसांची पाहणी झाली, डॉक्टर सलीम युसूफ यांनी केलेली. पहिल्या झटक्याच्या धोक्यातला नव्वद टक्के भाग नऊ गोष्टींत सापडला. तंबाखू, रक्तातली चरबी, प्रेशर, साखर, पोटाचा घेर, मनाचा ताण, फळं-भाज्या कमी खाणं, दारू आणि अंगमेहनत नसणं. आणि आपल्या हिंदुस्थानाच्या बाजूच्या लोकांना झटका बाकीच्यांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो. ह्या नवांत मटणाचं नाव वेगळं नाही, ते चरबीच्या पोटात आलं.

ही नऊ नावं ऐकली आणि आम्ही आमची चंची काढून पुतणीपुढं ठेवली. चाळीस वर्षं तंबाखू. माळ घेताना गुरूंनी मांस सोड सांगितलं, दारू सोड सांगितलं, तंबाखूचं नाव घेतलं नाही, कारण त्यांच्या गालात पण होती. आपल्या दिंडीत विसाव्याला बसलो की आधी चुन्याची डबी फिरते की नाही? आयाबहिणींत मिश्री फिरते. मटण खाणाऱ्याच्या पंगतीला आम्ही बसत नाही, आणि त्याच्याकडून तंबाखू मागून घेतो.

मग प्रेशर. आम्हाला प्रेशर आहे हे अटॅकच्या सहा वर्षं आधी कळलं होतं, गोळी होती. मीठ जास्त, हे कारण. दिवसाला चमचाभर, पाच ग्रॅमच्या आत मीठ असावं म्हणतात. आपल्याकडं खाराचा आंबा, पापड, लोणचं आणि पेजेबरोबर वरून मीठ, चमचा सकाळीच संपतो. मासे खाणाऱ्यांचं सुकं-खारं त्यात धरलं तर विचारू नका. आणि चहा. कीर्तनकाराला ज्या घरी जाईल त्या घरी चहा, साखर घट्ट, कारण बुवांना फिका कसा द्यायचा?

एकादशीचं तर बोलायलाच नको. एकादशी दुप्पट खाशी, ही म्हण काय दुसऱ्या पंथाच्या माणसानं केलेली नाही. साबुदाण्याची खिचडी, तळलेले बटाटे, शेंगदाण्याचे लाडू. उपास म्हणजे देवाजवळ बसणं, आम्ही कढईजवळ बसतो.

नारळाचं विचारतात सगळे. मालवणच्या माणसाला नारळ सोड म्हणणं म्हणजे समुद्र सोड म्हणण्यासारखं. डॉक्टरला आम्ही स्पष्ट विचारलं. ते म्हणाले, नारळात कोलेस्ट्रॉल नाही, कुठल्याच झाडाच्या वस्तूत नाही. पण नारळाच्या तेलात घट्ट चरबी शंभरात ऐंशीच्या वर. आमटीत मूठभर वाटप घातलंत, सोलकढी प्यायलात, तर काही बिघडत नाही. खोबरेल तेलात तळू नका आणि एका नारळाच्या जागी तीन घालू नका. आमच्या घरी आता दोन माणसांना अर्धा नारळ दोन दिवस जातो. सुरुवातीला आमटी पाणचट लागायची. आता तीच बरी लागते, किंवा आम्हाला आठवत नसेल.

आता एक बोलायला आम्हाला जड जातं, पण बोलतो. ज्यांनी माळ घेतलेली नाही, त्यांनी मटणाच्या जागी मासे खाल्ले तर त्यांच्या काळजाला ते बरं. महागडा पापलेट-सुरमईच पाहिजे असं नाही. बांगडा, तारली, पेडवे, स्वस्तातले आणि तेलाचे. त्यातलं तेल काळजाला चांगलं. पण रवा लावून तेलात पोहायला सोडलेला बांगडा नव्हे, तिखलं करून. माळकऱ्याच्या तोंडून बांगड्याचं तिखलं ऐकून काही जण कानाला हात लावतील. लावा. ह्या गावातली निम्मी घरं रापणीवर आणि होडीवर जगली. त्यांना आम्ही सगळंच पाप म्हणून सांगितलं, म्हणून त्यांनी आमचं काहीच ऐकलं नाही. गटारीला, आषाढ अमावास्येला, एका माणसानं किलोभर मटण आणि बाटली संपवायची आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर सोवळं, याला आम्ही धर्म म्हणत होतो. मटण खाणाऱ्यानं वर्षभर बेतानं खावं, चरबी काढून टाकावी, वरचा तवंग काढावा आणि गटारीला हात आखडावा, हे आम्ही आज सांगतो. आणि ज्याला एकदा अटॅक येऊन गेला त्याला ताकद यावी म्हणून पायांचं सूप पाजू नका. ताकद गोळ्यांनी आणि चालण्यानं येते.

आपल्या संतांच्या मालिकेत सजन कसाई आहेत. मांस तोलायला त्यांच्या तराजूत शाळिग्राम होता, ही गोष्ट आम्ही कीर्तनात शंभर वेळा सांगितली आणि खाली उतरल्यावर खाटकाच्या दारावरून तोंड फिरवून गेलो.

पुतणीनं एक दिवस भीत भीत सांगितलं. काका, तुम्हाला पोटात जे इंजेक्शन देत होते, रक्त पातळ ठेवायचं, ते डुकराच्या आतड्यापासून करतात. हेपारिन म्हणतात त्याला. आम्ही बराच वेळ गप्प बसलो. त्रेचाळीस वर्षांची माळ, आणि रक्तात डुकराचं आतडं. रात्रभर झोप नाही. सकाळी भावाला सांगितलं. तो म्हणाला, "मगे आता काय करतलंस? काढून टाकतलंस?" काढता येत नाही. आम्ही पंढरपूरच्या वाटेवर एका वृद्ध महाराजांना विचारलं, ते म्हणाले, जिभेसाठी घेतलंस का? नाही. मग चाल पुढं. आम्ही चाललो. पण तेव्हापासून मांस खाणाऱ्याकडं बोट दाखवायला हात उचलत नाही. आमचा जीव कुठल्या जनावरानं राखला ते आम्हाला माहीत आहे.

आता दिंडीचं बोलून संपवतो.

दिंडीत माणूस रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालतो, काळजाला ह्याहून चांगलं औषध नाही. पण ते पंधरा दिवस. बाकीच्या साडेतीनशे दिवसांत आता नांगरट पॉवर टिलरनं, दुकानाला मोटारसायकलनं. आणि त्या पंधरा दिवसांत आपण खातो काय? मुक्कामाला भजी, पुरी, जिलेबी. अन्नदान करणारा भक्तीनं करतो, पण तेल तेच, सकाळपासून काळं होईपर्यंत. वनस्पतीतली ती वाईट चरबी शंभरात दोनच्या वर नसावी असा सरकारचा नियम जानेवारी २०२२ पासून आहे, पण कढईत तेल पुन्हा पुन्हा उकळलं की त्यात वाईट चरबी आणि विषार पुन्हा तयार होतात. कढईजवळ नियम कोण बघतो?

आणि एक गोष्ट. काही वर्षांपूर्वी फोंडा घाटात आपल्या दिंडीतले एक वडीलधारे बसले ते उठले नाहीत. नाव घेत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. घाम आला होता, पोटात कसंसं होतंय म्हणाले. आम्ही लिंबूपाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, म्हटलं, दम खा, माऊली आहे. अर्ध्या तासात गेले. आम्ही त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, भाग्यवान माणूस, वारीत देह ठेवला. त्यांची मुलगी दाराला धरून उभी होती. म्हणाली, "काका, भाग्य म्हणू नका. प्रेशरची गोळी घरीच ठेवून गेले होते." का ठेवली, हे आम्हाला माहीत होतं. त्या गोळीनं लघवीला वारंवार होतं, दिंडीत चालताना अडचण, म्हणून अर्धे लोक पंधरा दिवस गोळी बंद ठेवतात. त्यांना ती युक्ती आम्हीच सांगितली होती. आम्ही पण तेच करत होतो.

हे आजवर आम्ही कोणाला बोललो नव्हतो.

समितीजवळ आम्ही तीन गोष्टी मागितल्या आणि समितीनं मान्य केल्या. यंदाच्या कार्तिकीला प्रेशर बघायचं यंत्र सामानाच्या गाडीत असेल, पुतणी रजा टाकून घाट चढेपर्यंत बरोबर आहे. सकाळच्या विसाव्याला तळलेलं काही नाही, उकड्या तांदळाची पेज आणि उसळ. आणि निघायच्या आदल्या दिवशी देवळात प्रत्येकानं आपल्या गोळ्यांची पिशवी दाखवायची. छातीत भरलं, घाम सुटला, हात जड झाला, तर लिंबूपाणी नाही, ओवा नाही, आधी १०८. मधुमेहवाल्याला छातीत न दुखताही झटका येतो, त्यानं नुसता दम लागला तरी सांगायचं.

भाऊ ह्या वर्षी दिंडीत येतो म्हणालाय. माळ घेणार नाही असं त्यानं आधीच सांगून टाकलंय. आम्ही म्हटलं, घेऊ नको, ये. सामानाची गाडी तोच चालवणार आहे. ज्यांच्या गोळ्या संपत आल्यात त्यांनी त्याच्याकडं चिठ्ठी द्यावी, वाटेत कोल्हापूरला तो घेऊन येईल.

राम कृष्ण हरी.